वेशीवरचा प्रॉक्सी

१९९२ साली जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीतून, म्हणजे एनसीएसटीतून, अमेरिकेतल्या व्हर्जिनियापर्यंत एक लाइन सुरू झाली. वेग सेकंदाला ६४ किलोबिट. ‘अर्नेट’ या शैक्षणिक जाळ्यावरच्या संस्था बाहेरच्या इंटरनेटशी बोलत त्या मुख्यतः या वाटेने. आज व्हॉट्सॲपवर रोज सकाळी येऊन पडणारं दोन एमबीचं ‘सुप्रभात’ त्या लाइनवरून आणायचं म्हटलं, आणि तेवढ्या वेळात देशात दुसऱ्या कोणीही काही मागितलं नाही असं धरलं, तरी चार मिनिटं लागली असती.

अशा काळात कुठली साइट चांगली आणि कुठली वाईट, हा प्रश्न कोणाला पडत नव्हता. काळजी होती ती काटकसरीची. एकाच पानासाठी एकाच इमारतीतल्या दहा माणसांनी दहा वेळा समुद्र का ओलांडायचा? आज ऑफिसात एखादी साइट उघडायला जावं आणि लाल पट्टीखाली ‘ॲक्सेस डिनाइड’ असं पान समोर यावं, तर त्यामागे बसलेल्या यंत्राचा जन्म बऱ्याच अंशी या काटकसरीतून झालेला आहे. अडवणं हे त्याचं मूळ काम नव्हतंच. ते त्याच्या गळ्यात नंतर पडलं.

यंत्राचं नाव प्रॉक्सी. मे १९९४ मध्ये जिनिव्हाला सर्नमध्ये पहिली जागतिक वेब परिषद भरली, तिथे सर्नचा अरी लुओटोनेन आणि इंटेलचा केविन ऑल्टिस यांनी प्रॉक्सीवर निबंध मांडला. त्यांची अडचण साधी होती. मोठ्या कंपन्यांनी तोवर आपल्या जाळ्याभोवती फायरवॉल उभारली होती आणि आतल्या माणसाला बाहेरचं वेब पाहता येत नव्हतं. मग वेशीवर एक मध्यस्थ बसवायचा. आतला माणूस पान मध्यस्थाकडे मागणार, मध्यस्थ ते बाहेरून आणून देणार आणि जमलं तर एक प्रत स्वतःजवळ ठेवणार, म्हणजे पुढच्याला लगेच मिळेल. सर्नच्याच वेब सर्व्हरमध्ये ही सोय घातली गेली. माणसांना बाहेर जाता यावं म्हणून केलेली सोय होती ती. पुढे तिचा उपयोग नेमका उलट झाला.

मुळात ही फायरवॉल आली कुठून? २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातला विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस याने एक प्रोग्रॅम इंटरनेटवर सोडला. स्वतःच्या प्रती काढत तो इतका बेभान पसरला की सुमारे ६,००० यंत्रं त्याच्या तावडीत सापडली, असा तेव्हाचा अंदाज होता. सगळं इंटरनेटच साठेक हजार यंत्रांचं होतं. गंमत अशी, की मॉरिसचे वडील अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेच्या संगणक सुरक्षा केंद्रात मुख्य शास्त्रज्ञ होते. या प्रकारानंतर कार्नेगी मेलन विद्यापीठात ‘सर्ट’ हे आपत्कालीन पथक उभं राहिलं आणि ‘सगळे एकमेकांच्या ओळखीचे’ हा इंटरनेटवरचा भोळा समज गेला. जून १९९१ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने, म्हणजे ‘डेक’ने, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका मोठ्या रसायन कंपनीला विकत मिळणारी पहिली फायरवॉल बसवून दिली. तिच्यातल्या एका यंत्राचं नावच ‘गेटकीपर’ होतं.

भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांना खुलं केलं. मोडेमचा किर्र आवाज, तासांच्या हिशोबाने संपणारं खातं आणि एका कनेक्शनवर डोळा ठेवून बसलेलं अख्खं ऑफिस. इथे प्रॉक्सीला आयतंच घर मिळालं. १९९६ मध्ये ड्युएन वेसल्सचा ‘स्क्विड’ आला. फुकट होता, आणि जुन्या पेंटियमवर लिनक्स टाकून कोपऱ्यातल्या टेबलाखाली ठेवला तरी चालायचा. पुण्या-मुंबईच्या एका पिढीतले सिस्टिम ॲडमिन ३१२८ हा आकडा झोपेतही सांगतील. तो स्क्विडचा पोर्ट. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक यंत्रावर तो हाताने भरायचा आणि ‘आता बघा, येतंय का’ म्हणून ओरडायचं, हा नव्या ऑफिसातला पहिल्या दिवशीचा विधीच होता.

स्क्विडने आणखी एक गोष्ट सोबत आणली, तिच्याकडे तेव्हा फारसं कोणाचं लक्ष गेलं नाही. ती म्हणजे लॉग. प्रत्येक मागणीची एक ओळ. ओळीत आधी वेळ, १ जानेवारी १९७० पासून मोजलेल्या सेकंदांत, मग पान आणायला किती मिलिसेकंद लागले, मग मागणाऱ्या यंत्राचा पत्ता, मग निकाल. ‘टीसीपी हिट’ म्हणजे पान घरातच सापडलं, ‘टीसीपी मिस’ म्हणजे बाहेरून आणावं लागलं, ‘टीसीपी डिनाइड’ आणि शेजारी ४०३ म्हणजे नाकारलं. पुढे किती बाइट, कुठला पत्ता, आणि लॉगिन असेल तर कोणाचं नाव. हिट किती आणि मिस किती, म्हणजे पैसे किती वाचले, हे कळावं हा तिचा साधा उपयोग. पण ती ओळ वाचणाऱ्याला दुसरंही कळत होतं: दुपारी सव्वातीनला अकाउंट्समधलं सातव्या टेबलावरचं यंत्र काय बघत होतं. मॅनेजरलोकांना याचा सुगावा लागायला वेळ लागला नाही.

साइट गाळण्याचा धंदा मात्र वेगळ्याच दाराने आला होता. १९९५ मध्ये अमेरिकेत मुलांना इंटरनेटवर काय काय दिसेल याची धास्ती पसरली होती, तेव्हा ‘सर्फवॉच’ नावाचं सॉफ्टवेअर निघालं. ते काढणाऱ्यांत बिल ड्युवॉल होता. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री इंटरनेटचं पूर्वरूप असलेल्या अर्पानेटवरून पहिला संदेश गेला, तेव्हा स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या टोकाला तो स्वीकारायला बसलेला माणूस हाच. जाळ्यावरून आलेली पहिली अक्षरं ज्याने घेतली त्यानेच पंचवीस वर्षांनी जाळ्याला गाळणी लावली. इतिहासाला असले विनोद जमतात.

त्या गाळण्या शब्दांवर चालत, आणि शब्दांवर चालणारी गाळणी तोंडावर आपटते. १९९६ च्या सुरुवातीला सर्फवॉचने व्हाइट हाउसच्या साइटवरचं एक पान अडवलं. पान क्लिंटन आणि गोर या दोन जोडप्यांचं, साधं घरगुती. त्याच्या पत्त्यात ‘कपल्स’ हा शब्द होता, तेवढंच निमित्त. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्प गावच्या लोकांना अमेरिका ऑनलाइन या इंटरनेट सेवेत खातंच उघडता येईना, कारण गावाच्या नावाच्या पोटात चार अक्षरांची इंग्रजी शिवी दडलेली. संगणकशास्त्रात या प्रकाराला आजही ‘स्कन्थॉर्प प्रॉब्लेम’ म्हणतात.

तरीही गाळणी ऑफिसात शिरली, कारण तिथे तिला मोठं गिऱ्हाईक होतं. कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोच्या नेटपार्टनर्स कंपनीने १९९६ मध्ये ‘वेबसेन्स’ आणलं. पुढे कंपनीनेच ते नाव घेतलं. शब्दांच्या मागे न लागता वेबसेन्सने पत्त्यांच्या याद्या केल्या आणि त्यांचे वर्ग पाडले: खेळ, खरेदी, नोकरी शोधणं, जुगार, अश्लील मजकूर. विकताना युक्तिवाद एकच होता, कामाचे तास वाया जातात. इथे गफलत झाली, आणि ती अजून निस्तरलेली नाही. माणूस टवाळक्या करतो का, हे बघणं ही देखरेख, ती मुकादमाची. यंत्रात विष येतं का, हे बघणं ही सुरक्षा. दोन वेगळी कामं एका डब्यात कोंबली गेली, आणि दोन्हींना नाव दिलं ‘सेफ ब्राउझिंग’.

भारतीय ऑफिसांत हा डबा अनेकदा अहमदाबादेहून आला. १९९९ मध्ये सुरू झालेल्या एलिटकोअर कंपनीच्या ‘सायबरोम’ने एक चांगली कल्पना काढली: नियम यंत्राच्या पत्त्याला लावायचे नाहीत, माणसाच्या नावाला लावायचे. आपल्याकडे एका कॉम्प्युटरवर शिफ्टने तिघे बसतात, हे त्यांना ठाऊक होतं. मग सकाळी आल्यावर सायबरोमच्या खिडकीत नाव-पासवर्ड टाकायचा, आणि साहेबांना जे दिसतं ते ट्रेनीला दिसत नाही, अशी उतरंड सुरू. २०१४ मध्ये ब्रिटनच्या सोफोसने सायबरोम विकत घेतलं. पुण्यात साताऱ्याकडच्या रहिमतपूरचे कैलास आणि संजय काटकर हे भाऊ कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या धंद्यातून १९९५ मध्ये अँटिव्हायरसमध्ये उतरले होते; त्यांच्या ‘क्विक हील’नेही पुढे ऑफिसच्या वेशीवर ठेवायचा असाच डबा बाजारात आणला.

या काळातली ऑफिसं आठवणाऱ्यांना पहिल्यांदा ऑर्कुट आठवेल. २००४ मध्ये आलं आणि बघता बघता ‘सोशल नेटवर्किंग’ या वर्गात अडकलं. मग पोरांनी प्रॉक्सीलाच प्रॉक्सी शोधला. परदेशातल्या कुठल्याशा फुकट साइटवर जायचं, तिथल्या चौकटीत ऑर्कुटचा पत्ता टाकायचा, आणि ऑफिसच्या यादीला चकवायचं. गूगल ट्रान्सलेटमध्ये पत्ता टाकून पान ‘भाषांतरित’ करून घेणारे बहाद्दर होतेच. यात खरा धोका कोणाच्या गावी नव्हता. ऑर्कुट निरुपद्रवी होतं. ज्या अनोळखी साइटमधून पोरं तिथे जात होती, तिच्या हाती मात्र त्यांचा पासवर्ड आयता पडत होता. मुकादमी वाढवल्याने सुरक्षा कमी झाली, याचं याहून स्वच्छ उदाहरण मिळणं कठीण.

क्रिकेटचं म्हणाल तर तिथे ॲडमिनची बाजू थोडी खरी होती. ३० मार्च २०११, बुधवार, दुपारी अडीच. मोहालीला विश्वचषकाचा भारत-पाकिस्तान उपांत्य सामना. दोन एमबीपीएसच्या लीज्ड लाइनवर तीनशे केबीपीएसचा व्हिडिओ बघणारे सात जण बसले की लाइन संपली, आठव्याचा ईमेलही हलणार नाही. ज्या ऑफिसांनी सरळ अर्धी सुट्टी दिली किंवा कँटीनमध्ये टीव्ही लावला, त्यांनी फायरवॉलच्या कुठल्याही नियमापेक्षा शहाणपणाचा निर्णय घेतला.

तोवर विषाची वाट बदललेली होती. १८ सप्टेंबर २००१ ला ‘निमडा’ आला. ईमेलमधून आणि शेअर केलेल्या फोल्डरमधून तो पसरलाच. शिवाय मायक्रोसॉफ्टचे वेब सर्व्हर बाधित करून त्यांच्यावरच्या पानांत त्याने स्वतःला चिकटवलं. जुना इंटरनेट एक्सप्लोरर घेऊन अशा पानावर नुसतं गेलं तरी बाधा. जून २००४ मध्ये ‘डाउनलोड जेक्ट’ने हेच केलं आणि पाहुण्यांच्या यंत्रात कळफलकावरचे ठोके टिपणारं सॉफ्टवेअर उतरवलं. अमेरिकी सरकारच्या संगणक सुरक्षा पथकाने तेव्हा दुसरा ब्राउझर वापरणं हाही एक उपाय म्हणून सांगितला. फायरफॉक्सची पहिली आवृत्ती त्याच वर्षी नोव्हेंबरात आली, तिला याचा फायदा झाला.

वर्गवार याद्यांचा खरा पराभव २०१३ च्या फेब्रुवारीत झाला. फेसबुक, ॲपल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी एकामागून एक कबूल केलं, की आपल्या काही कर्मचाऱ्यांची यंत्रं बाधित झाली. हे कर्मचारी जुगाराच्या किंवा चावट साइटवर गेले नव्हते. आयफोनसाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या एका साइटवर, म्हणजे कामाच्याच जागी, ते गेले होते, आणि तिथे जावामधल्या तोवर कोणालाच माहीत नसलेल्या छिद्राचा वापर करणारा कोड पेरून ठेवला होता. पाणवठ्यावर दबा धरण्याच्या या पद्धतीपुढे ‘खेळ’ आणि ‘खरेदी’ अडवून काय होणार?

म्हणून याद्यांची जात बदलली. पानाचा विषय सोडून पान या क्षणी बाधित आहे का, एवढंच बघणाऱ्या याद्या आल्या. गूगलची ‘सेफ ब्राउझिंग’ ही त्यातली सर्वांत मोठी. तीही माणसांच्या हातची. ३१ जानेवारी २००९, शनिवार, भारतात रात्रीचे आठ. गूगलवर काहीही शोधा, प्रत्येक उत्तराखाली इशारा येऊ लागला की ही साइट तुमच्या संगणकाला अपाय करू शकते. यादी अद्ययावत करताना कोणाच्या तरी हातून त्यात नुसती एक तिरकी रेघ पडली होती, आणि तिरकी रेघ तर प्रत्येक पत्त्यात असते. तासाभराच्या आत चूक सुधारली. तेवढा वेळ गूगलच्या मते अख्खं इंटरनेट धोकादायक होतं.

पुढची अडचण कुलपाची. ‘एचटीटीपीएस’ने ब्राउझर आणि साइट यांच्यातलं बोलणं बंद लिफाफ्यात जातं, मधल्या प्रॉक्सीला फक्त साइटचं नाव कळतं. लिफाफा न उघडता पलीकडे सरकवायची युक्ती प्रॉक्सीत घालणारा, नव्वदच्या दशकात नेटस्केपमध्ये गेलेला तोच अरी लुओटोनेन. २०१० पर्यंत बँका आणि खरेदी सोडली तर लिफाफे कमीच होते. २०१३ मध्ये अमेरिकी सरकारच्या पाळतीबद्दलची स्नोडेनची कागदपत्रं बाहेर आली, २०१५ च्या अखेरीस ‘लेट्स एन्क्रिप्ट’ने प्रमाणपत्रं फुकट वाटायला सुरुवात केली, आणि जुलै २०१८ पासून क्रोमने साध्या साइटवर ‘सुरक्षित नाही’ असा शिक्का मारायला घेतला. काही वर्षांतच वेशीवरचा प्रॉक्सी आंधळा झाला.

ऑफिसांनी यावर काढलेला तोडगा जालीम आहे. कंपनीच्या लॅपटॉपमध्ये कंपनीचं स्वतःचं मूळ प्रमाणपत्र घालून ठेवायचं. मग प्रॉक्सी प्रत्येक लिफाफा फोडतो, वाचतो, आपल्या शिक्क्याने पुन्हा बंद करतो, आणि ब्राउझर सगळं सुरक्षित असल्याचंच दाखवत राहतो. कर्मचाऱ्याला पत्ताही लागत नाही. हे करताना किती चुकू शकतं ते फेब्रुवारी २०१५ मध्ये जगाला दिसलं. लेनोवोच्या काही लॅपटॉपांत जाहिराती घुसवण्यासाठी ‘सुपरफिश’ घातलेलं होतं आणि ते हीच युक्ती वापरत होतं. सगळ्या लॅपटॉपांत किल्ली एकच. एका तज्ज्ञाने काही तासांत तिचा पासवर्ड फोडला. म्हणजे कॅफेतल्या वायफायवर बसलेला कोणीही त्या लॅपटॉपपुढे बँक बनून उभा राहू शकत होता. मार्च २०१७ मध्ये अमेरिकी सरकारच्या संगणक सुरक्षा पथकाने लिफाफे फोडणाऱ्या सगळ्याच उत्पादनांबद्दल इशारा दिला: यातली कित्येक समोरच्या साइटचं प्रमाणपत्र नीट तपासत नाहीत, आणि पूर्वी ब्राउझर करत होता ती तपासणीही यामुळे हातची जाते. बँकांची आणि दवाखान्यांची पानं तरी फोडू नयेत, असा नियम बऱ्याच कंपन्या ठेवतात. तो सगळ्यांनीच ठेवायला हवा.

लिफाफा न फोडता काम भागवायची एक जुनी जागा होती, ती म्हणजे नावाची चौकशी. साइटकडे जाण्याआधी यंत्र डीएनएसला विचारतं, या नावाचा पत्ता काय? तिथेच ‘माहीत नाही’ म्हटलं की पुढचं सगळं टळतं. २००८ च्या ‘कॉन्फिकर’ किड्याने या जागेचं महत्त्व पटवून दिलं. तो हुकूम घ्यायला रोज २५० नवी नावं बनवून त्यांच्याकडे चौकशी करायचा, पुढच्या एका आवृत्तीत बनवलेल्या नावांचा आकडा ५०,००० वर गेला. नावं अडवा, किडा मुका होतो. ओपनडीएनएसने २००६ पासून ही सेवा चालवली होती. २०१५ मध्ये सिस्कोने ती ६३.५ कोटी डॉलरना घेतली. छोट्या ऑफिसला आजही यासारखा स्वस्त उपाय नाही. राउटरमध्ये दोन आकडे बदलायचे, बास.

काहींनी मात्र दोरच कापला. जून २०१६ मध्ये सिंगापूर सरकारने जाहीर केलं, की मे २०१७ पर्यंत सरकारी कर्मचाऱ्यांच्या सुमारे एक लाख संगणकांवरून इंटरनेट काढलं जाईल. वेब बघायचं तर वेगळं यंत्र. जगभर थट्टा झाली. सरकारी दवाखाने या नियमाच्या बाहेर राहिले होते. जुलै २०१८ मध्ये उघड झालं, की सिंगहेल्थ या सरकारी दवाखान्यांच्या समूहातल्या १५ लाख रुग्णांची माहिती चोरीला गेली, त्यात खुद्द तेव्हाचे पंतप्रधान ली सिएन लूंग यांचीही. त्यानंतर दवाखान्यांतलंही इंटरनेट तोडलं गेलं आणि डॉक्टरांची कुचंबणा सुरू झाली. थट्टा करणारेही बरोबर होते आणि दोर कापणारेही.

२५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली आणि ‘आत’ ही जागाच उरली नाही. सगळे घरी. सगळ्यांना व्हीपीएनने आधी ऑफिसात आणून मग बाहेर सोडायचं, तर लाइन पुन्हा गच्च. हिमाचलातल्या पनोह गावच्या जय चौधरी यांनी २००७ मध्ये काढलेली ‘झीस्केलर’ प्रॉक्सी ढगात नेऊन बसली होती, ती आणि तिच्यासारख्या इतर कंपन्या आता हिंजवडीच्या लॅपटॉपांत घरोघरी पोचल्या. वेस आता माणसाबरोबर फिरते. रविवारी रात्री घरच्या वायफायवरून ऑफिसच्या लॅपटॉपवर काही उघडलं, तरी ते वेशीतूनच जातं.

आणि मुकादमीचं काय? ऑगस्ट २००७ मध्ये रुमेनियातल्या एका इंजिनिअरला ऑफिसच्या याहू मेसेंजरवर भावाशी आणि होणाऱ्या बायकोशी गप्पा मारल्या म्हणून काढून टाकलं. कंपनीने गप्पांची ४५ पानं छापून समोर ठेवली. ५ सप्टेंबर २०१७ ला युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने अकरा विरुद्ध सहा मतांनी निकाल दिला, की त्याच्या खाजगीपणाचं रक्षण झालं नाही. पाळत किती आणि कशी ठेवणार, हे त्याला आधी सांगायला हवं होतं. त्याच्या बाराच दिवस आधी आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला होता. पण खाजगी कंपनीने कर्मचाऱ्याचं ब्राउझिंग किती बघावं, याची स्पष्ट रेघ आपल्याकडे अजून ओढलेली नाही. नियम आहे तो उलट्या दिशेचा: भारत सरकारच्या ‘सर्ट-इन’ या पथकाच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपायचे आणि हल्ला झाला तर सहा तासांत कळवायचं.

नव्या नोकरीत पहिल्या दिवशी लॅपटॉपबरोबर सहीसाठी जो कागद समोर येतो, तो म्हणूनच वाचून घ्यावा. लिफाफे फोडले जातात का, बँकेची पानं त्यातून वगळली आहेत का, आणि लॉग कोण वाचतं, आयटी की एचआर, हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तरं लेखी मागावीत.